रंग, आकार आणि त्यांची नावे : वनप्रदेशातील बालशिक्षणाच्या खेळांची चिकित्सा

चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील अंगणवाडीच्या भिंतीवर बहुधा दोन तक्ते टांगलेले असतात : एक रंगांचा, दुसरा आकारांचा. पहिल्यावर सफरचंद तांबडे, केळे पिवळे, पान हिरवे आणि आकाश निळे असते. दुसऱ्यावर वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि आयत ओळीने उभे असतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला जे जे शिकवावयाचे त्यांत रंग आणि आकार हे सर्वांत सोपे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पर्यवेक्षिका भेटीस आली की तक्त्यावर बोट ठेवून विचारते, “हा कोणता रंग?” मूल गप्प राहते, किंवा पुटपुटल्यासारखा एखादा शब्द उच्चारते आणि तो शब्द मराठी नसतो. कागदावर ‘रंग ओळखत नाही’ अशी नोंद होते. पुढे पहिल्या इयत्तेच्या उंबरठ्यावर तेच मूल ‘कच्चे’ म्हणून उभे राहते.

ह्या एका प्रश्नात निदान तीन प्रश्न मिसळलेले आहेत. मुलाला दोन रंगांतील भेद दिसतो काय, हा पहिला. निरनिराळ्या वस्तूंतून तो एकच गुण वेगळा काढून त्यांचा गट करू शकते काय, हा दुसरा. त्या गुणाला प्रमाण मराठीत जे नाव आहे ते त्याला ठाऊक आहे काय, हा तिसरा. पहिला दृष्टीचा, दुसरा विचाराचा आणि तिसरा भाषेचा प्रश्न होय. तिसऱ्याचे उत्तर आले नाही म्हणून पहिल्या दोहोंचे उत्तर नकारार्थी धरणे हा तर्कदोष आहे. आणि रंग व आकार खेळातून शिकविण्याच्या ज्या पद्धती आज प्रशिक्षणवर्गांतून सांगितल्या जातात, त्यांपैकी पुष्कळशा ह्याच दोषावर उभ्या आहेत.

ह्या पद्धतींची परंपरा थोडी मागे जाऊन पाहणे अगत्याचे आहे. फ्रोबेलने १८३७ साली ब्लँकेनबुर्ग येथे आपल्या बालोद्यानाचा आरंभ केला. त्याची पहिली ‘देणगी’ म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू, आणि दुसरी म्हणजे गोल, घन व दंडगोल. रंग आणि आकार हे बालशिक्षणाच्या अगदी दारातच येऊन बसले ते तेव्हापासून. माँटेसरीने त्यांना शास्त्रीय शिस्त लावली. तिच्या रंगपट्ट्यांच्या पहिल्या पेटीत तीनच रंगांच्या जोड्या असतात. मुलाने त्या केवळ जुळवावयाच्या. नाव नंतर येते, आणि तेही तीन टप्प्यांनी. प्रथम शिक्षिका नाव सांगते. मग नाव उच्चारून ती वस्तू दाखवावयास सांगते. शेवटी वस्तू दाखवून नाव विचारते. सेगँकडून घेतलेला हा क्रम वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु भिंतीवरील तक्ता आणि पर्यवेक्षिकेचे बोट पहिले दोन्ही टप्पे गाळून एकदम तिसऱ्यावर उडी घेतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व पटते.

महाराष्ट्रात ही परंपरा आली ती गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक ह्यांच्या द्वारा. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात १९२० पासून गिजुभाईंनी माँटेसरीचे भारतीय रूप घडविले; १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परंतु ताराबाईंचे खरे धाडस १९४५ साली दिसले. बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढताना त्यांनी आणि अनुताई वाघ ह्यांनी मनाशी कबूल केले की, पॉलिश केलेल्या लाकडाची महागडी साधने खेड्यातील गरिबांच्या मुलांपर्यंत कधीच पोहोचणार नाहीत. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, हा ‘अंगणवाडी’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ. पुढे कोसबादच्या टेकडीवर वारल्यांची जी मुले गुरांमागे जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. शंख, शिंपले, बिया, पाने आणि दगडगोटे ही तेथली साधने होती. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली तेव्हा तिने अंगणवाडी हा शब्द उचलला. शब्दाबरोबर अंगण किती आले, हा वेगळा प्रश्न आहे.

कोसबादचा धडा नीट वाचला गेला नाही, असे म्हणणे भाग आहे. त्यातून ‘स्थानिक साधने’ एवढे सूत्र उचलले गेले आणि त्यामागील दृष्टी मागे राहिली. शिंपल्यांच्या जागी बिया मांडल्या म्हणून कोसबाद गडचिरोलीत येत नाही. उलट, विचार न करता मांडलेले स्थानिक साधन कित्येकदा धोक्याचेही ठरते. गुंजेचे बी लाल, त्यावर काळा ठिपका. दोन रंगांचा पाठ देण्यास ह्याहून देखणी वस्तू रानात सापडणार नाही. परंतु ते बी विषारी आहे, आणि चावून फोडले गेले तर प्राणावर बेतू शकते. बिब्ब्याचा काळा रंग असाच मोहक, पण त्याच्या चिकाने कातडी भाजते. जी वस्तू तीन वर्षांचे मूल हमखास तोंडात घालणार, ती केवळ रंगासाठी त्याच्या पुढ्यात ठेवणे हा निष्काळजीपणा होय. करंजाच्या बिया किंवा सागरगोटे हेही थोरांच्या डोळ्यांसमोरच हाताळू द्यावेत. जंगलातील माता हे सारे जाणतात. साधनांच्या याद्या करणाऱ्यांनी त्यांना विचारले तर यादी लहान होईल, पण निर्धोक होईल.

आता रंगनामांकडे वळावयाचे. मुलांना रंगांची नावे उशिरा आणि कष्टाने येतात, हे निरीक्षण नवे नाही. डार्विनने १८७७ साली आपल्या मुलांविषयी लिहिताना नमूद केले आहे की, रंगांची नावे त्यांना इतकी अवघड गेली की ती रंगांध तर नसतील ना, अशी शंका त्याला आली होती. पुढे ती निराधार ठरली. बोर्नस्टाइन आणि त्याचे सहकारी ह्यांनी १९७६ साली दाखविले की, चार महिन्यांचे अर्भकही रंगपटाचे ढोबळ विभाग वेगळे धरते. म्हणजे डोळा आधी तयार असतो, शब्द मागाहून येतो. आणि मधल्या काळात मूल जी चूक करते ती अंधळी नसते. वॅग्नर, डॉबकिन्स व बार्नर ह्यांच्या २०१३ सालच्या अभ्यासाचा आशय असा की, मूल एखादा रंगशब्द प्रथम अवाजवी विस्तृत अर्थाने वापरते आणि हळूहळू त्याच्या सीमा आखून घेते. नारिंगी फुलाला ‘लाल’ म्हणणारे मूल रंग ओळखत नाही असे नव्हे. ‘लाल’ ह्या शब्दाचे कुंपण त्याने अद्याप थोडे बाहेर घातलेले आहे, एवढेच. हे कुंपण कोठे घालावयाचे ते निसर्ग सांगत नाही, भाषा सांगते. बर्लिन आणि के ह्यांनी १९६९ साली मांडलेल्या सिद्धान्तात मूलभूत रंगनामांच्या विकासाला सार्वत्रिक क्रम असल्याचे प्रतिपादन होते. त्यावर पुष्कळ वाद झाले आणि क्रमाच्या कल्पनेत दुरुस्त्याही झाल्या. नामिबियातील हिंबा आणि इंग्लंडमधील मुलांवर रॉबर्सन, डेव्हिडॉफ प्रभृतींनी केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दुसरी बाजू पुढे आणली : दोन्हीकडील मुले रंगनामे सावकाशच शिकतात, आणि शिकता शिकता त्यांचे वर्गीकरण आपापल्या भाषेच्या सीमांकडे सरकत जाते.

प्रस्तुत प्रदेशात ह्या गोष्टीला विशेष अर्थ आहे. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा करण्यात आला. पण भाषांच्या सीमा जिल्ह्यांच्या सीमांनी ठरत नाहीत. गोंडी आणि माडिया, जिवती-कोरपना भागात कोलामी, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांतील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली, आणि ह्या सर्वांच्या मध्ये झाडीबोली, असा हा पट आहे. तक्ता मात्र सर्वत्र एकच.

सिरोंच्याच्या तेलुगूभाषक मुलाचे उदाहरण घ्यावे. तेलुगूत ‘पच्च’ हा शब्द हिरव्या रंगाला लागतो आणि जुन्या व रूढ प्रयोगांत पिवळ्यालाही लागतो. म्हणूनच स्पष्टता हवी असेल तेव्हा हिरव्याला ‘आकुपच्च’, म्हणजे पानाचा पच्च, असे म्हणतात, आणि पिवळ्याला हळदीवरून ‘पसुपु’. ज्या घरात आजी एकच शब्द दोन्हीकडे चालविते त्या घरातून आलेल्या मुलाने पिवळ्या मण्याजवळ हिरवा मणी ठेवला, तर ते मूल चुकले असे म्हणण्यापूर्वी त्याच्या भाषेला विचारावयास हवे. बंगालीतही पिवळ्याचे नाव ‘हलुद’, म्हणजे हळदच. मराठी ‘पिवळा’ मात्र ‘पीत’च्या कुळातला. तेव्हा मुलचेऱ्यात किंवा सिरोंच्यात पिवळा रंग सांगावयाचा तर केळ्याच्या चित्रापेक्षा वाटीभर हळद मध्ये ठेवणे अधिक शहाणपणाचे. तिन्ही भाषांतील मुले तिच्यापाशी एकत्र येतील, आणि नाव तिच्यावरूनच निघेल. त्याच हळदीत थोरांच्या हाताने चिमूटभर चुना मिसळला की ती तांबडी होते. हा चमत्कार पाहिलेले मूल ‘पिवळा’ व ‘तांबडा’ हे दोन शब्द सहसा विसरणार नाही, कारण ते त्याच्यापुढे लेबले म्हणून आलेले नसून घटना म्हणून आलेले असतात.

झाडीबोलीचा प्रश्न नाजूक आहे, कारण ती मराठीच असल्याने तिचा वेगळेपणा कोणी लक्षात घेत नाही. ह्या बोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी ‘र’ ऐकू येतो. ‘काळा’, ‘पिवळा’, ‘निळा’ ह्या शब्दांत नेमका तोच वर्ण आहे. मूल ‘पिवरा’ म्हणते. तक्ता ‘पिवळा’ म्हणतो. सेविका स्वतः घरी ‘पिवरा’च म्हणत असते, पण तक्त्यासमोर उभी राहिली की मुलाचा उच्चार सुधारू लागते. रंगाचा पाठ उच्चाराचा होतो, आणि बरोबर उत्तर दिलेल्या मुलाला आपले काहीतरी चुकले एवढेच कळते. (शेजारच्या छत्तीसगढीत पिवळ्याला ‘पिंवरा’ म्हणतात, म्हणजे कोरचीकडील मुलाला झाडीबोलीतला शब्द तक्त्यावरील शब्दापेक्षा जवळचा वाटावा, अशी गंमत आहे.)

प्रमाण मराठीची स्वतःचीही एक अडचण आहे आणि ती साधननिर्मात्यांच्या ध्यानात क्वचितच येते. मराठीतील बहुतेक जुनी रंगनामे विकारी विशेषणे आहेत. मणी काळा, मिरची काळी, फूल काळे. आणि विभक्ती लागली की काळ्या मण्याला. रंग एक, ध्वनिरूपे चार. ‘लाल’, ‘गुलाबी’, ‘केशरी’ ही अविकारी आहेत खरी, पण ‘तांबडा’, ‘हिरवा’, ‘पिवळा’, ‘पांढरा’, ‘जांभळा’ ही सारी बदलतात. ज्या मुलाची घरची भाषा मराठी आहे त्याला ही लिंगव्यवस्था दुधाबरोबर मिळालेली असते. गोंडीत त्रिविध लिंग नाही. तेथे पुल्लिंग आणि पुल्लिंगेतर असा दुहेरी विभाग आहे. अशा मुलाच्या कानावर एकाच अर्ध्या तासात ‘हिरवा पोपट’, ‘हिरवी मिरची’, ‘हिरवे पान’ असे शब्द पडले, तर त्यातील स्थिर अंश कोणता आणि बदलता कोणता हे त्याने कसे ओळखावे? प्रशिक्षणात तर असे सांगितले जाते की, एकाच रंगाच्या जितक्या विविध वस्तू दाखवाव्यात तितके चांगले. वैविध्याचा हा आग्रह मानसशास्त्राच्या दृष्टीने योग्य असेल. पण मराठीत तो शब्दरूपांचा गोंधळ माजवितो.

ह्यावर उपाय साधा आहे. आरंभी काही दिवस एकाच लिंगाच्या वस्तू घ्याव्यात : केवळ मणी, किंवा केवळ फुले. ‘हे फूल पिवळे, ते फूल पांढरे’ असे म्हटले की वस्तू तीच राहते, शब्दाचा शेवटही तोच राहतो, आणि बदलतो तो फक्त रंग. मुलाचे लक्ष जेथे जावयास हवे तेथे आपोआप जाते. नाम आधी आणि रंग नंतर, ह्या क्रमालाही आधार आहे. रॅमस्कर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१० साली इंग्रजीभाषक लहान मुलांच्या बाबतीत असे दाखविले की, ‘चेंडू लाल आहे’ ह्या धर्तीची वाक्ये ऐकणारी मुले ‘लाल चेंडू’ ऐकणाऱ्यांपेक्षा रंगशब्द अधिक चांगले शिकली. इंग्रजीवरून मराठीचा निष्कर्ष काढणे धाडसाचे असले, तरी मराठी वाक्यरचनेला हा क्रम इतका सहज आहे की तो आजमावून पाहण्यास काहीच खर्च नाही. तक्त्यावरील ‘हा लाल रंग’ ह्या वाक्यात मात्र नामच नाही. बोट सफरचंदावर, शब्द ‘लाल’. आणि ज्याने सफरचंद कधी खाल्लेले नाही त्या मुलाने ‘लाल’ हे त्या फळाचेच नाव समजावे, ह्यात नवल ते काय?

मराठीजवळ रंग शिकविण्याचे एक उत्तम साधन पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे, आणि खेळकर पद्धतींच्या पुस्तिकांत त्याचा उल्लेखही नसावा हे खेदजनक आहे. हिरवागार, काळाकुट्ट, पिवळाधमक, पांढराशुभ्र, निळाशार, लालचुटूक, लालबुंद, काळाभोर, पांढराफटक : ह्या जोडशब्दांतील दुसऱ्या घटकांपैकी बरेचसे स्वतंत्रपणे त्या अर्थाने फिरत नाहीत, ते त्या त्या रंगाशी बांधलेले असतात. शिवाय प्रत्येकाची वस्तूही ठरलेली आहे. लालबुंद होतो तो रागावलेला चेहरा. लालचुटूक असते ती मिरची. केस काळेभोर, पण अंधार काळाकुट्ट. पांढरेशुभ्र धोतर नेसलेला माणूस भीतीने पांढराफटक पडतो, आणि दोहोंतला पांढरा एक नाही हे चार वर्षांच्या मुलालाही कळते. सेविकेने ‘पिवळा’ म्हणावे आणि मुलांनी एका सुरात ‘धमक’ म्हणावे, हा खेळ कोणत्याही साधनाशिवाय होतो. ज्याला मराठी येत नाही ते मूलही ‘धमक’च्या टाळीत सामील होऊ शकते आणि नादाच्या दोरीने शब्दापर्यंत पोहोचते. अर्थात केवळ घोष म्हणजे ज्ञान नव्हे. ‘धमक’ म्हणताना झेंडूचे फूल हातात असावे.

गुराढोरांच्या रंगांची शब्दसंपत्ती हाही असाच दुर्लक्षित ठेवा आहे. ढवळा, भुरा, कबरा हे शब्द गुराख्याच्या मुलाला तीनचार वर्षांतच येतात. ते बैलाला ‘ढवळा’ म्हणते, कापडाला ‘पांढरा’ म्हणण्याचा प्रसंग त्याला अजून आलेला नसतो. तक्ता फक्त कापडाचा शब्द विचारतो. पूर्व विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैलांना रंगवून, सजवून मिरवितात. शिंगाला कोणता रंग, झुलीला कोणता, ह्यावर त्या दिवशी जी चर्चा मुलांमुलांत चालते ती वर्षभराच्या रंगपाठांपेक्षा सखोल असते. तो सण अंगणवाडीत सुट्टीचा दिवस म्हणून जातो.

आकारांच्या बाबतीत दोष अधिक गंभीर आहे, कारण तेथे केवळ भाषेची अडचण नसून चक्क चुकीचे शिकविले जाते. पुष्कळ तक्त्यांवर चार समान बाजूंच्या आकृतीखाली ‘चौकोन’ आणि लांबट आकृतीखाली ‘आयत’ असे लिहिलेले असते. मूल लांबट आकृतीला चौकोन म्हणाले की त्याला थांबविले जाते : “हा चौकोन नाही, आयत आहे.” वस्तुतः मूल बरोबर आहे आणि तक्ता चूक. मराठी गणिताच्या परिभाषेत चार बाजूंची कोणतीही बंदिस्त आकृती चौकोन होय. चारही बाजू समान व कोन काटकोन असतील तर तो चौरस. आयत हा चौकोनच आहे आणि चौरसही चौकोनच आहे. चार कोन असलेला तो चौकोन, हे शब्दच सांगतो. लोकव्यवहारातही आयताकार ओट्याला कोणी चौकोनी म्हणावयास कचरत नाही. म्हणजे शास्त्र आणि व्यवहार ह्या दोहोंचे जेथे एकमत आहे, तेथे बालशिक्षणाने मध्येच एक तिसरी, चुकीची परिभाषा रूढ केली. हीच मुले वरच्या वर्गात गेली की त्यांना सांगावे लागते की आयत हा चौकोनाचा प्रकार आहे, आणि ती गोंधळतात. हा गोंधळ गणिताच्या शिक्षकाच्या माथी मारला जातो; त्याचे बीज बालवाडीच्या भिंतीवर असते.

‘गोल’ शब्दाची कथा निराळी. मराठीत चेंडू गोल, भाकरी गोल, बांगडी गोल आणि विहीरही गोल. चेंडू भरीव आहे, भाकरी चपटी, बांगडी नुसती कड आणि विहीर पोकळ. ह्या चार वस्तूंत मूल काही साम्य पाहते, ही त्याच्या बुद्धीची मोठी झेप आहे. तक्ता ह्या चारांनाही ‘वर्तुळ’ म्हणावयास लावतो, आणि चेंडूही वर्तुळ होऊन बसतो. फ्रोबेलने घन वस्तू आधी आणि सपाट आकृती नंतर, असा क्रम ठेवला होता तो उगाच नव्हे. हातात धरता येते ते आधी, कागदावर उमटते ते मागाहून. ह्या वयात ‘वर्तुळ’ शब्दाची घाई नको. ‘गोल’ पुरे आहे. गडगडणारे गोल आणि न गडगडणारे गोल असा भेद मूल खेळता खेळता करील तेव्हा भूमितीचा आरंभ झाला असे समजावे.

त्रिकोणाच्या बाबतीत क्लेमेंट्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण सर्वांच्या परिचयाचे व्हावयास हवे. लहान मुले त्रिकोणाला नमुन्यावरून ओळखतात. तळ खाली, टोक वर, तिन्ही बाजू साधारण सारख्या, असा तो हवा. उलटा किंवा फार निमुळता त्रिकोण त्यांना त्रिकोण वाटत नाही. दोष मुलांचा नाही. तक्त्यावर दुसरा त्रिकोण त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. भिंतीला चिकटलेली आकृती फिरत नाही. पुठ्ठ्याचा तुकडा, वळविलेली काडी, जमिनीवर कोळशाने काढलेली रेघ फिरविता येते, तिच्याभोवती हिंडता येते. चंद्रपुरात कोळशाला तोटा नाही.

आणि जे आकार तक्त्यावर नाहीतच त्यांचे काय? सुपाचा आकार कोणता? त्याची एक बाजू उघडी, मागची कड वर वळलेली. तो त्रिकोण नव्हे, आयत नव्हे. घरोघरी जी वस्तू रोज धान्य पाखडते तिला आकारांच्या जगात नाव नाही. बांबूच्या टोपलीचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालण्यासारखे आहे. कित्येक टोपल्यांचा तळ आडव्या-उभ्या पट्ट्यांनी चौकोनी विणला जातो आणि काठ गोल होतो. चौकोन कोठे संपला आणि गोल कोठे सुरू झाला हे बोटाने चाचपूनही सांगता येत नाही. पत्रावळीतही तेच कौतुक. पळसाची निमुळती पाने एकाशेजारी एक टोचून शेवटी वाटोळे ताट तयार होते. विणणाऱ्या, टोचणाऱ्या हातांच्या शेजारी बसलेले मूल आकार शिकत असते; परंतु त्याला ‘शिकणे’ हे नाव मिळत नाही, कारण त्यात ‘हा कोणता आकार?’ असा प्रश्न कोणी विचारीत नाही.

येथे ‘खेळकर पद्धती’ ह्या शब्दप्रयोगाचीच परीक्षा करणे प्राप्त आहे. सुचविल्या जाणाऱ्या खेळांपैकी बरेचसे खेळ हे परीक्षेने घातलेले सोंग आहे. “लाल वस्तू आणा” असे म्हणताच एक चुणचुणीत मूल धावते; उरलेली वीस त्याच्यामागे धावतात; सर्वांच्या हातांत लाल वस्तू दिसते आणि पाठ यशस्वी झाला असे मानले जाते. वस्तुतः एकालाच रंग कळला आहे, बाकीच्यांना दिशा कळली आहे. गल्लीत मुले स्वतःच जो रंगाचा खेळ खेळतात त्यात राज्य असलेले मूल एक रंग पुकारते आणि इतरांनी त्या रंगाच्या वस्तूला हात लावून वाचावयाचे असते. तेथेही न कळणारे मूल दुसऱ्याकडे पाहूनच धावते. परंतु फरक असा की, राज्य फिरत असते. आज अनुकरण करणाऱ्यावर उद्या रंग पुकारण्याची पाळी येते, आणि तो रंग त्याने आपल्या भाषेत पुकारला तर इतरांना तो शब्द शिकावा लागतो. अंगणवाडीतील खेळात राज्य सदैव सेविकेकडे असते. खेळाचा हा एकच नियम बदलला तरी पुष्कळ काही बदलेल.

ह्याचा अर्थ सर्वच मार्गदर्शन निरुपयोगी आहे असा नाही. २०२२ सालच्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घरच्या भाषेला आणि खेळाला दिलेले स्थान निःसंदिग्ध आहे. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा ‘जादुई पिटारा’ आला. त्यातील खेळणी, कोडी आणि बाहुल्या पाहता हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही. अडचण अशी की, पेटी दिल्लीत भरली जाते, आणि तिच्यात घालावयाची घरची भाषा भामरागडात असते. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या बळावर सुरू केली. ह्या घटनेकडे भाषिक अस्मितेचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. तिच्यात बालशिक्षणशास्त्राचाही एक विचार आहे, हे आपल्या विद्यापीठीय चर्चेत फारसे उमटलेले नाही.

दरम्यान, उपाय अंगणवाडीच्या आतच पुष्कळसा उपलब्ध आहे. सेविका आणि मदतनीस ह्या बहुधा त्याच परिसरातील स्त्रिया असतात. गोंडी किंवा माडिया त्यांना येते. परंतु तेथे भाषांची एक अलिखित वाटणी झालेली दिसते. तक्त्यासमोर मराठी, आणि ताटासमोर घरची भाषा. आहार वाढताना जी बाई मुलाशी त्याच्या भाषेत बोलते, ‘येर’ म्हणजे पाणी हवे काय असे विचारते, तीच घटकाभरापूर्वी ‘पुंगार’ म्हणजे फूल हा शब्द ठाऊक असूनही त्याला ‘फूल, फूल’ असे घोकावयास लावीत होती. ‘पुंगार’ म्हणून फूल हातात द्यावे, त्याचा रंग मुलाच्या तोंडून त्याच्या शब्दात निघू द्यावा, आणि मग मराठी शब्द शेजारी ठेवावा. ह्यात मराठीचे काहीच जात नाही. दोन शब्द शेजारी शेजारी असले म्हणजे मुलाला प्रथमच उमगते की नाव वस्तूला चिकटलेले नसते. भाषाविज्ञानाच्या पहिल्या वर्षात जे विद्यार्थ्यांना सायासाने समजावून द्यावे लागते, ते ह्या मुलांना चौथ्या वर्षीच हस्तगत होऊ शकते.

ऋतूंचाही असाच उपयोग आहे. फाल्गुनात पळस फुलतो, कुसुमाची कोवळी पालवी तांबडी येते, मोहाची पालवी तांब्यासारखी झळकते. त्या महिन्यात तांबड्याच्या किती छटा असतात हे तक्त्यावरील एका चौकटीत मावणारे नाही. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की तळहात लाल होतो. आलापल्लीच्या सागवनाशेजारी वाढणारी मुले हा खेळ एकमेकांपासून शिकतात. हिरव्या पानातून लाल निघतो, ही गोष्ट कोणत्याही रंगपेटीत नाही.

राहता राहिला तो नोंदीचा कागद. जेथे ‘ओळखतो’ आणि ‘ओळखत नाही’ अशा दोनच खुणांची सोय असते, तेथे आणखी दोन रकाने आखावयास हवेत : एक, मूल रंगांचे व आकारांचे गट वेगळे करते काय, आणि दुसरा, त्यांना घरच्या भाषेत कोणते नाव देते. दुसऱ्या रकान्यात केवळ खूण न करता तो शब्द जसा ऐकू आला तसा देवनागरीत लिहावा. जे मूल नावे देते पण तांबडे आणि हिरवे सातत्याने एकत्र ठेवते, विशेषतः तो मुलगा असेल तर, त्याला रागावण्याऐवजी डोळ्यांच्या तपासणीस पाठवावे, हेही त्याच कागदावरून ठरविता येईल. आणि गावोगावचे असे कागद जमा झाले, म्हणजे गोंडी, माडिया, कोलामी आणि झाडीबोली ह्यांतील रंगनामांचा एक संग्रह आयता तयार होईल. त्यावर काम करण्यास एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला दोन वर्षे पुरणार नाहीत.